मोबाइलवरून कीबोर्डचा आवाज बदलायचा आहे : प्रोग्रॅम चेंज, बँक आणि न जुळणारे आकडे

झाडीचा_सूर
मंडळी, प्रश्न झाडीपट्टीच्या नाटकासाठी विचारतोय, पण भजन मंडळ, धुमाल, ऑर्केस्ट्रा अशा कुणालाही तो पडू शकतो. एकाच प्रवेशात आधी पेटी, मग शहनाई, मग बासरी लागते. दोन संवादांच्या मधे पॅनेलवर तीन-तीन आकडे दाबायला वेळ मिळत नाही. म्हणून कीबोर्डच्या यूएसबी टू होस्टला (संगणकाला जोडायच्या सॉकेटला) ओटीजी, म्हणजे मोबाइलला यूएसबी यंत्र जोडायचा अडॅप्टर, लावून मोबाइल जोडला आहे. मिडी (वाद्यांनी एकमेकांना निरोप द्यायची भाषा) ॲपमधून प्रोग्रॅम चेंज, म्हणजे आवाज बदलायचा निरोप, पाठवता येतो.

अडचणी दोन. पॅनेलवर शहनाईचा जो क्रमांक छापलाय तो ॲपमध्ये टाकता येत नाही, कारण ॲप १२७ च्या पुढे जातच नाही. मग जनरल मिडीच्या (सगळ्या कंपन्यांच्या समान १२८ आवाजांच्या) यादीतला शहनाईचा ११२ टाकला, तर पट्ट्या दाबल्यावर पियानोच वाजतो आणि स्क्रीनवरचं नावही हलत नाही.

कीबोर्ड यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतला, ६१ पट्ट्यांचा. पाच पिनचं सॉकेट नाही, फक्त यूएसबी. चॅनल १ ठेवलाय. काय काय तपासू?

धुमालवाला
भाऊ, कायले एवढा कुटाणा? रजिस्ट्रेशनमधी (सेटिंग साठवाच्या बटनांत) तिन्ही आवाज टाकून ठेव, बटन दाब, झालं.

पेटीमास्तर
धुमालवाला, रजिस्ट्रेशन असेल तर तोच राजमार्ग, पण लहान मॉडेलांत ते नसतं किंवा मोजकं असतं. आधी आकड्यांचा गुंता सोडवू.

झाडीचा_सूर, तुमच्यासमोर तीन वेगवेगळे क्रमांक आहेत. पॅनेलवरचा क्रमांक हा फक्त त्या कीबोर्डच्या छापील यादीतला अनुक्रम. तो कंपनी तिच्या सोयीने देते, काही मॉडेलांत सातशेच्याही वर जातो. मिडीशी त्याचा संबंध नाही. दुसरा क्रमांक मिडीच्या यादीतला प्रोग्रॅम नंबर, तो बहुतेक वेळा १ ते १२८ असा छापतात. तिसरा प्रत्यक्ष तारेतून जाणारा आकडा, ० ते १२७.

तुमचं ॲप १२७ ला थांबतं म्हणजे ते तारेवरचा आकडा दाखवतंय. त्यामुळे ११२ टाकल्यावर तुम्ही शहनाई मागितलीच नाही, यादीतला ११३ मागितला, आणि तो आहे टिंकल बेल. शहनाईसाठी १११ टाका. बासरी यादीत ७४, पाठवायची ७३. सतार १०५, पाठवायची १०४. व्हायोलिन ४१, पाठवायचं ४०. पेटी जनरल मिडीत नाहीच. जवळचा आवाज रीड ऑर्गन, यादीत २१, पाठवायचा २०.

१२८ च का, तर मिडीच्या प्रत्येक बाइटमधला सगळ्यात वरचा बिट 'हा हुकूम आहे की आकडा' हे सांगण्यात खर्च होतो. उरतात ७ बिट, म्हणजे १२८ आकडे.

सातबारा
म्हणजे जुना सर्व्हे नंबर वेगळा, आताचा गट नंबर वेगळा, आणि शेत तेच. तलाठ्याला विचारा, एका मिनिटात समजावून देईल. (दोन वर्षांनी.)

निशिगंधा
:) कंपन्यांची आणखी एक गंमत. यामाहा आणि रोलँडच्या याद्यांत प्रोग्रॅम नंबर बहुधा १ पासून असतो, कॉर्ग आणि कॅसिओच्या याद्यांत बहुधा ० पासून. म्हणून एका कीबोर्डची यादी दुसऱ्याला लावताना पहिल्या ओळीत ग्रँड पियानोपुढे काय छापलंय ते बघायचं. १ असेल तर सगळ्यांतून एक वजा करा, ० असेल तर आहे तसं पाठवा. पुस्तिकेत आकड्याच्या मागे 'एच' असेल तर तो षोडशमान आहे, तो आधी साध्या संख्येत आणा. ७९एच म्हणजे १२१.

झाडीचा_सूर
धन्यवाद मास्तर, निशिगंधाताई. १११ पाठवून पाहिला. पट्ट्यांवर अजूनही पियानोच. बँक वगैरे काही पाठवायचं असतं का? ॲपमध्ये एमएसबी, एलएसबी असे दोन रकाने आहेत, ते रिकामेच ठेवले होते.

पेटीमास्तर
हो, कारण १२८ आवाजांत आजकाल कोणाचंच भागत नाही. मिडी १९८३ साली आला तेव्हा प्रोग्रॅम चेंज एवढंच होतं. बँक म्हणजे आवाजांचा एकेक गठ्ठा, तो निवडायचा बँक सिलेक्ट नंतर जोडला गेला. त्यामुळे एक आवाज निवडायला तीन निरोप लागतात. चॅनल १ साठी साध्या आकड्यांत:

१७६, ०, एमएसबी
१७६, ३२, एलएसबी
१९२, प्रोग्रॅम

१७६ म्हणजे चॅनल १ वरचा कंट्रोल चेंज. कंट्रोलर ० हा बँकेच्या क्रमांकाचा वरचा भाग (एमएसबी), कंट्रोलर ३२ खालचा (एलएसबी). १९२ म्हणजे चॅनल १ वरचा प्रोग्रॅम चेंज. चॅनल २ साठी १७७ आणि १९३, असे वाढत जातात.

क्रम हाच ठेवायचा. बँकेचे दोन निरोप गेले तरी आवाज बदलत नाही, कीबोर्ड फक्त ते लक्षात ठेवतो. प्रोग्रॅम चेंज पोचला की मग तिन्ही मिळून आवाज उचलला जातो. प्रोग्रॅम आधी आणि बँक नंतर गेली, तर जुन्या बँकेतला आवाज लागतो, आणि नवी बँक पुढच्या गाण्याच्या प्रोग्रॅम चेंजला लागू होते. 'एक गाणं उशिरा आवाज बदलतो' अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा हा क्रम तपासतो.

शहनाई मूळ यादीतली हवी असेल तर ०, ०, १११. यामाहाच्या ई मालिकेत पॅनेलवरचे खास आवाज बऱ्याचदा एमएसबी ०, एलएसबी ११२ मध्ये असतात. पॅनेलवरचा पहिला ग्रँड पियानो हवा तर ०, ११२, ०. बाकीचे तुमच्या मॉडेलच्या डेटा लिस्टमध्ये एमएसबी, एलएसबी, प्रोग्रॅम अशा तीन रकान्यांत छापलेले सापडतील.

बॅकस्टेज
यादी शोधत बसण्यापेक्षा कीबोर्डलाच विचारा. मोबाइलवर मिडी मॉनिटर (येणारे निरोप दाखवणारं ॲप) उघडा, पॅनेलवरून हवा तो आवाज निवडा. कीबोर्ड स्वतः १७६ ०, १७६ ३२, १९२ असे तीन निरोप बाहेर पाठवतो. ते आकडे वहीत उतरवा, तेच परत पाठवा. वजा एकचा हिशेब नको, छापील यादी नको. फक्त मॉनिटर प्रोग्रॅम १ पासून दाखवतो की ० पासून, ते एकदा ग्रँड पियानो निवडून बघून घ्या.

मोझरीकर
वाचतोय. भजनवाल्यांसाठी एक विचारतो. खंजेरी भजनात कीबोर्डवर पेटी वाजवायची तर रीड ऑर्गन फार चर्चमधला वाटतो. त्याला पेटीच्या जवळ कसं आणायचं?

पेटीमास्तर
मोझरीकर, भारतासाठी काढलेली मॉडेलं असली तर प्रश्नच नाही. यामाहाची आय मालिका, कॅसिओची नावात 'आयएन' असलेली मॉडेलं, यांत हार्मोनियम वेगळा दिलेला असतो. तो कोणत्या बँकेत आहे ते बॅकस्टेजने सांगितलेल्या रीतीने पकडा.

नसेल तर दोन चॅनल एकत्र वाजवा. चॅनल १ वर रीड ऑर्गन (२०), चॅनल २ वर अकॉर्डियन (२१), दुसऱ्याचा आवाज सीसी ७ ने (सीसी म्हणजे कंट्रोल चेंज) ६०-७० वर आणा. सीसी ९१ म्हणजे रिव्हर्ब, दोन्हींवर १०-१५ च्या वर नको. तो चर्चचा भास मुख्यतः रिव्हर्बचाच असतो. सीसी १, म्हणजे मॉड्युलेशन, शून्य. आणि दोन्ही चॅनलमध्ये एक सप्तकाचं अंतर ठेवलं तर नर-खर्ज जोडीसारखं भरदार लागतं.

धुमालवाला
मास्तर, पेटी तं पेटीच वाजवा ना बाप्पा. भाता हलल्याशिवाय भजनाले मजा नाय.

मोझरीकर
पटलं. पण माइक एकच आणि पेटीसमोर ठेवला तर गाणाऱ्याला काय देऊ?

सोल्डरगन
मूळ प्रश्नाकडे. झाडीचा_सूर, मोबाइल आणि कीबोर्ड यांत नक्की बोलणं होतंय का हे अजून कुणी विचारलंच नाही.

ओटीजी अडॅप्टर मोबाइलच्या बाजूला हवा. कीबोर्डच्या बाजूला प्रिंटरला लागते ती चौकोनी तोंडाची केबल. केबल उलटी, म्हणजे ओटीजीचं टोक कीबोर्डकडे, असं झालं तर मोबाइल होस्ट (जोडणी चालवणारा यजमान) होत नाही आणि दोघंही गप्प बसतात. अँड्रॉइडला मिडीचा आधार ६.० पासून आहे, म्हणजे २०१५ नंतरचा बहुतेक मोबाइल चालावा. काही मोबाइलांत सेटिंगमध्ये ओटीजी हाताने चालू करावा लागतो आणि थोडा वेळ वापर नसला की तो आपोआप बंद होतो. बॅटरी सेव्हर काढा, स्क्रीन झोपू देऊ नका. आणि प्रयोग चालू असताना मोबाइल विमान मोडवर. नाहीतर ऐन शोकप्रसंगी कुणाचा तरी फोन येतो आणि ॲप मागे जातं.

आता चाचणी. ॲपमधून ०, ०, १११ पाठवा आणि मग ॲपच्याच पडद्यावरच्या पट्ट्या दाबा, चॅनल १ वरच. कीबोर्डच्या स्पीकरमधून शहनाई आली का ते सांगा. पडद्यावर पट्ट्या नसतील तर १४४, ६०, १०० पाठवा, स्वर सुरू होईल. १२८, ६०, ० पाठवा, थांबेल.

झाडीचा_सूर
सोल्डरगन, कमाल आहे. मोबाइलच्या पट्ट्या दाबल्या की कीबोर्डच्या स्पीकरमधून शहनाई येते. पण कीबोर्डच्या स्वतःच्या पट्ट्या दाबल्या की पियानो. दोन्ही एकाच वेळी दाबल्या तर दोन्ही आवाज.

सातबारा
एका घरात दोन चुली :)

सोल्डरगन
मग बिघाड कुठेच नाही, यंत्राची रचनाच तशी आहे. ई मालिकेच्या मिडी तक्त्याखाली टीप असते: बाहेरून आलेले निरोप मिळतात ते १६ चॅनलच्या स्वतंत्र ध्वनियंत्राला. पॅनेलवर निवडलेला आवाज आणि पॅनेलच्या सेटिंगला ते हात लावत नाहीत. सूर जुळवणी आणि रिव्हर्ब-कोरसचे प्रकार असे थोडे अपवाद. म्हणजे एकाच डब्यात दोन खाती आहेत. तुमच्या पट्ट्या पॅनेलच्या खात्याला जोडलेल्या आहेत, तुमचा प्रोग्रॅम चेंज दुसऱ्या खात्याकडे जातोय. म्हणून स्क्रीनवरचं नाव हलत नाही आणि हलणारही नाही.

उपाय म्हणजे पट्ट्यांची वायर आतून तोडून बाहेरून फिरवून आणायची. प्रत्यक्षात कापायचं काही नाही, सेटिंग आहे.

फंक्शन मेनूत जाऊन 'लोकल' ऑफ करा. आता पट्ट्या दाबल्यावर काहीच ऐकू येणार नाही. घाबरू नका, हेच व्हायला हवं. मोबाइलमध्ये ॲपचा इनपुट म्हणून कीबोर्ड निवडा, आउटपुट म्हणूनही तोच कीबोर्ड, आणि मिडी थ्रू (आलेला निरोप तसाच पुढे पाठवणं) चालू करा. पट्टी दाबली की स्वर यूएसबीने मोबाइलमध्ये जाईल, तिथून चॅनल १ वर परत येईल आणि बाहेरच्या खात्यातला आवाज वाजेल. आता ०, ०, १११ पाठवा. पट्ट्यांवर शहनाई.

लोकल ऑफ न करता थ्रू लावलं तर प्रत्येक स्वर दोनदा वाजेल, किंचित मागेपुढे, आणि आवाज पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा होईल. हा आवाज ऐकू आला की समजायचं लोकल ऑनच राहिलंय. कीबोर्ड बंद करून परत चालू केल्यावर लोकल आपोआप ऑन होतं का, तेही बघून ठेवा. लाइन गेली-आली की नेमकं हेच होतं.

ड्युअल (एका पट्टीवर दोन आवाज) आणि स्प्लिट (डाव्या-उजव्या पट्ट्यांवर वेगळे आवाज) बंद ठेवा. मुख्य आवाज चॅनल १ वर, ड्युअल २ वर, स्प्लिट ३ वर बाहेर जातो. चालू राहिले तर हिशेब चुकेल.

निशिगंधा
सोल्डरगन +१. एक पुरवणी. पॅनेलवर आवाज निवडला की त्याच्यासोबत सप्तक, इफेक्ट, रिव्हर्बची पातळी असं बरंच सामान येतं. प्रोग्रॅम चेंजने फक्त मूळ आवाज येतो. म्हणून तीच शहनाई मिडीने कोरडी किंवा एक सप्तक खाली वाटू शकते. प्रोग्रॅम चेंजच्या मागोमाग सीसी ७ ला १००, सीसी ११ ला १२७, सीसी ९१ ला ४० पाठवून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी सारखं लागेल.

बॅकस्टेज
फिरवून आणल्याने उशीर किती होतो? नाटकात गायक नटाच्या तोंडाकडे बघून वाजवावं लागतं.

सोल्डरगन
स्वर यूएसबीने जातो-येतो तेवढाच. आवाज कीबोर्डमध्येच तयार होतो, मोबाइलच्या ऑडिओचा संबंध नाही, त्यामुळे मोबाइलवर वाजणाऱ्या सिंथ ॲपला जो उशीर होतो तो इथे लागत नाही. उशीर जाणवलाच तर आधी ॲप बदलून पाहा, काही ॲपं स्वर पडद्यावर चितारण्यात वेळ घालवतात. ब्लूटूथ स्पीकर मात्र साखळीत कुठेही नको.

पेटीमास्तर
झाडीचा_सूर, आता माझं मत. एवढी वाट फिरवून आणलीच आहे तर प्रयोग चालू असताना प्रोग्रॅम चेंज पाठवूच नका.

पडदा उघडायच्या आधी चॅनल १ वर पेटी, चॅनल २ वर शहनाई, चॅनल ३ वर बासरी, ४ वर व्हायोलिन असं सगळं लावून ठेवा. ध्वनियंत्र १६ चॅनलचं आहे, १० वा तालवाद्यांचा, बाकी १५ तुमचे. प्रयोगात ॲपमधून एवढंच बदला की पट्ट्यांचे स्वर कोणत्या चॅनलवर परत जातील. वाजत असलेल्या चॅनलवर प्रोग्रॅम बदलला तर काही कीबोर्ड धरलेला स्वर तोडतात, काही जुन्या आवाजात संपवतात. वेगळ्या चॅनलवर गेलं की पेटीचा शेवटचा स्वर विरतोय आणि वर शहनाई सुरू, असंही जमतं.

धोका एकच. पट्टी दाबून ठेवलेली असताना चॅनल बदलला, तर पट्टी सोडल्याचा निरोप नव्या चॅनलवर जातो आणि जुन्या चॅनलवरचा स्वर लटकून राहतो. पेटी थांबतच नाही. त्यासाठी चॅनल बदलायच्या बटणालाच दोन निरोप जोडा, जुन्या चॅनलवर सीसी ६४ ला ० आणि सीसी १२३ ला ०. पहिल्याने सस्टेन सुटतो, दुसऱ्याने सगळे स्वर बंद होतात. स्वर विरायला हवा असेल तर मात्र आधी हात उचला, मग बटण दाबा.

धुमालवाला
हे बाकी भारी हाय मास्तर. आमच्याकडे दोन कीबोर्ड एकावर एक ठेवतेत, खालच्याले मिडीची तार लावून वरचा वाजवतेत. वरच्यावर आवाज बदलला का खालचाबी बदलते, ते नको असते. काय करावं?

निशिगंधा
धुमालवाला, खालच्या कीबोर्डमध्ये प्रोग्रॅम चेंज रिसीव्ह ऑफ करायची सोय असते का बघा, मोठ्या मॉडेलांत मिडी मेनूत मिळते. नसेल तर वरच्याचं पाठवणं बंद करा. तेही नसेल तर आवाज आधी वरचा निवडा, मग खालचा, आणि नंतर वरच्याला हात लावू नका.

पाच पिनची तार घेताना दोन गोष्टी. सिग्नल ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांत असतो, २ म्हणजे शील्ड, १ आणि ३ रिकाम्या. आणि लांबी १५ मीटरच्या आत.

सोल्डरगन
त्या तारेत अजून एक फायदा आहे, यूएसबीत नाही. मिडी इनच्या आत ऑप्टो आयसोलेटर असतो, निरोप प्रकाशाने पलीकडे जातो, दोन यंत्रांची अर्थिंग एकमेकांना जोडली जात नाही. यूएसबीत ती जोडली जाते. गावच्या मंडपात अर्थिंग नावापुरतं, वर जनरेटर. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमध्ये घुंऽऽ सुरू होतं. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, लगेच जातं. मोबाइल वापरत असाल तर आधीच पूर्ण चार्ज करून आणा, कीबोर्डला स्वतःची वीज असल्याने तो मोबाइलमधून फारसं ओढत नाही.

स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबलवर 'इन' आणि 'आउट' लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. काहींवर 'इन' म्हणजे कीबोर्डच्या इनमध्ये खुपसा, काहींवर ते केबलचं स्वतःचं इन, म्हणजे कीबोर्डच्या आउटमध्ये जायचं. चाललं नाही तर अदलाबदल करा, जळत काही नाही.

बॅकस्टेज
पायाने आवाज बदलायचा पेडल घरी करता येईल का?

सोल्डरगन
कीबोर्डला पाच पिनचं मिडी इन असेल तर सहज. अर्डुइनो उनो (कोड घालून चालवायचा छोटा बोर्ड), दोन २२० ओहमचे रेझिस्टर, एक पाच पिनचं सॉकेट, हवी तेवढी बटणं. उनोचा टीएक्स (निरोप बाहेर पाठवणारी पिन) २२० ओहममधून पिन ५ ला. ५ व्होल्ट दुसऱ्या २२० ओहममधून पिन ४ ला. पिन २ ग्राउंडला. सीरियलचा वेग ३१,२५० ठेवा, ९,६०० नाही. बटण दाबलं की १७६, ०, एमएसबी, १७६, ३२, एलएसबी, १९२, प्रोग्रॅम हे आठ बाइट लिहा. एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद, म्हणजे आठ बाइट अडीच मिलिसेकंदांच्या आसपास जातात.

बटण दाबताना थरथरतं, एका दाबात चार-पाच दाब मोजले जातात, म्हणून पहिल्या दाबानंतर २०-३० मिलिसेकंद दुर्लक्ष करा. उनोत कोड चढवताना मिडीची तार काढून ठेवा, टीएक्स तोच असल्याने कचरा कीबोर्डकडे जातो आणि तो भलतंच काहीतरी वाजवतो.

झाडीचा_सूर यांच्या कीबोर्डला हे थेट चालणार नाही. त्याला फक्त यूएसबी आहे, आणि त्याचं ते तोंड होस्ट शोधतं. उनोही होस्ट शोधतो. दोन पाहुणे, यजमान कोणीच नाही. मधे मोबाइल, लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (छोटा संगणक) लागणारच.

सातबारा
कीबोर्डमध्ये पावसाचा आवाजही असतो ना? नाटकात तो दर दुसऱ्या अंकात पडतो.

निशिगंधा
सातबारा, यादीत ९७ ला 'रेन' लिहिलंय, पण तो पाऊस नाही, चमचमता सिंथ आहे. तो लावला तर प्रेक्षकांना स्वप्नाचा प्रवेश वाटेल. यामाहाच्या एक्सजी (जनरल मिडीची यामाहाने वाढवलेली यादी) बँकेत खरे परिणाम एमएसबी ६४, एलएसबी ० मध्ये असतात: यादीत ३३ पाऊस, ३४ ढगांचा गडगडाट, ३५ वारा. पाठवताना ३२, ३३, ३४. लहान मॉडेलांत काही गाळलेले असू शकतात, आपल्या यादीत बघा.

बंदुकीची गोळी साध्या यादीतच आहे, शेवटची, १२८. पाठवायची १२७.

सातबारा
खलनायक शेवटच्या नंबरला मरतो, हे मात्र नाटकाच्या नियमाला धरून आहे.

मोझरीकर
पेनड्राइव्हवरच्या मिडी फाइलमध्ये मी बँक आणि प्रोग्रॅम घातले, तरी गाणं सुरू झालं की सगळं मूळ पियानो-गिटारवर येतं. हे काय?

पेटीमास्तर
फाइलच्या सुरुवातीला रीसेट असणार. जनरल मिडी ऑनचा निरोप: २४०, १२६, १२७, ९, १, २४७. किंवा एक्सजी ऑन: २४०, ६७, १६, ७६, ०, ०, १२६, ०, २४७. हा आला की सगळे चॅनल मूळ बँकेवर आणि पहिल्या प्रोग्रॅमवर जातात. तुमची बँक त्याच्या आधी किंवा त्याच क्षणी असेल तर पुसली जाते.

रीसेट पहिल्या क्षणी ठेवा, मग ५० मिलिसेकंद तरी जागा सोडा. दर मात्रेला ४८० टिक आणि लय १२० असेल तर ६० टिक पुरेत. त्यानंतर प्रत्येक चॅनलला एमएसबी, पाच टिकांनी एलएसबी, आणखी पाच टिकांनी प्रोग्रॅम. पहिला स्वर दुसऱ्या आवर्तनात. तिन्ही निरोप एकाच टिकवर ठेवले तर काही सॉफ्टवेअर जतन करताना त्यांचा क्रम बदलतात.

फाइल दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर बनलेली असेल तर बँकेचे आकडेही तपासा. यामाहाच्या एक्सजीत सुरेल आवाजांचा एमएसबी ० राहतो आणि पोटभेद एलएसबीत असतात. रोलँडच्या जीएसमध्ये उलट, पोटभेद एमएसबीत. जनरल मिडी २ मध्ये सुरेल आवाजांना एमएसबी १२१, तालवाद्यांना १२०. अनोळखी बँक मिळाली की काही कीबोर्ड मूळ आवाज वाजवतात, काही आधीचाच धरून बसतात, काही गप्प राहतात.

मिडी २.० मध्ये, २०२० पासून, बँक आणि प्रोग्रॅम एकाच निरोपात बसवलेत, म्हणजे क्रमाची ही भानगड तिथे नाही. पण आपल्या मंडपात यायला वेळ आहे.

झाडीचा_सूर
लोकल ऑफ, थ्रू ऑन, चार चॅनलवर चार आवाज, असं लावलंय. पट्ट्यांवर शहनाई आली. स्क्रीनवर अजून ग्रँड पियानोच लिहिलंय, त्यावर कागदाची पट्टी चिकटवली. आता चॅनल १० बद्दल. ढोलकीसारखं काही निवडता येतं का तिथे?

निशिगंधा
चॅनल १० वर प्रोग्रॅम चेंज पाठवला की वाद्य नाही, अख्खा संच बदलतो. एक्सजीत एमएसबी १२७: १८५, ०, १२७, मग १८५, ३२, ०, मग २०१ आणि संचाचा आकडा. यादीत १ साधा संच, ३३ जॅझ, ४१ ब्रश, ४९ ऑर्केस्ट्रा. पाठवताना एक कमी. ढोलकी-तबल्याचा संच भारतीय मॉडेलांत वेगळ्या आकड्यावर असतो, पॅनेलवरून निवडून मॉनिटरमध्ये पकडा.

पेटीमास्तर
आणि गायकासाठी पट्टी बदलाल तेव्हा चॅनल १० सोडून बाकीचे सरकवा. पांढरी एकवरून काळी एकवर न्यायला सगळीच फाइल एक स्वर वर घेतली, तर ३६ वरचा बास ड्रम ३७ वर जाऊन साइड स्टिक होतो, ३८ वरचा स्नेअर ३९ वर टाळी होतो, आणि ४२ वरची बंद झांज ४३ वर टॉम. ताल तोच असतो, वाजवणारे मात्र सगळे बदललेले असतात.

धुमालवाला
म्हणूनच त्या दिवशीच्या वरातीत टाळ्याच टाळ्या वाजत होत्या का! मले वाटलं लोकायले आवडलं.